पिंजरा, दोरी की टाकी? समुद्रशेतीत उतरण्याआधी

समुद्रात मत्स्यशेती करायचं मनात आलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘कुठला मासा घालू?’ माझ्या मते तो तिसरा प्रश्न आहे. आधी विचारा, तो खाणार काय आणि ते खाद्य येणार कुठून. मग विचारा, बी (म्हणजे पाळायची पिल्लं) कोण देणार. ही दोन उत्तरं हातात आली की मासा जवळपास आपोआप ठरतो.

जगभरात हा धंदा वाढलाय, यात वाद नाही. २०२२ साली पाळलेल्या जलचरांचं उत्पादन पहिल्यांदाच पकडलेल्यांच्या पुढे गेलं: ९.४४ कोटी टन विरुद्ध ९.१ कोटी टन. पण हा आकडा दाखवून कोणी समुद्रातला पिंजरा गळ्यात मारत असेल तर जरा थांबा. यातला साठ टक्क्यांहून जास्त माल गोड्या पाण्यातला आहे.

पिंजऱ्यापासून, म्हणजे समुद्रात सोडलेल्या जाळ्याच्या कप्प्यापासून सुरुवात करू, कारण भुरळ त्याचीच जास्त पडते. भराभर वाढणारे, चांगला भाव मिळवणारे मासे बहुतेक पिंजऱ्यात वाढवतात: सामन, जिताडा, कोबिया. हे सगळे मांसाहारी. सामनच्या धंद्यात निम्मा खर्च खाद्यावरच जातो, तेही एक किलो माशाला साधारण सव्वा किलो खाद्य इतका तो काटकसरी असताना. नॉर्वेत १९९०च्या सुमारास या खाद्याचा नव्वद टक्के भाग फिशमील (माशांची भुकटी) आणि माशाचं तेल होता; २०२० पर्यंत तो पाव हिश्शाच्या खाली आला. उरलेली जागा सोया, गहू, मोहरीवर्गातल्या तेलाने घेतली. म्हणजे भार समुद्रावरून शेतजमिनीवर सरकला, नाहीसा झाला नाही.

एक किलो फिशमीलला चार-पाच किलो ताजे मासे लागतात आणि त्याचा फार मोठा वाटा पेरू देशाच्या अँकोव्ही नावाच्या बारीक माशातून येतो. २०२३ मध्ये पेरूने मासेमारीच्या मुख्य भागातला वर्षाचा पहिला हंगाम रद्द केला, कारण समुद्रात लहान पिल्लंच जास्त होती. अशा वर्षी खाद्य महागतं ते हजारो मैलांवरच्या पिंजरेवाल्यालाही. गोळीखाद्य परवडत नाही म्हणून बारीक मासे चिरून घालायचे, तर हेकरूसारख्या माशाला किलोमागे पाच किलो किंवा त्याहून जास्त लागतात. ब्लूफिन ट्यूना पुष्ट करताना हा आकडा पंधराच्या वर जातो. त्याला शेती म्हणायला माझी जीभ धजत नाही.

रोजचं काम मुख्यतः जाळ्याचं. शेवाळ, बार्नकल, बारके शिंपले जाळ्यावर चढतात, जाळ्याची भोकं बुजतात, पाण्याची ये-जा मंदावते. ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो पहाटे; तेव्हा मासे पृष्ठभागाशी तोंड वासून दिसले, तर त्या दिवशी खाद्य बंद आणि जाळं बदला. २०१७ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सायप्रस बेटाजवळ पिंजरा कोसळून दोन लाखांहून जास्त अटलांटिक सामन मोकळे सुटले. जाळ्यांवर शिंपल्यांचं अतोनात ओझं चढू दिलं होतं, असं राज्याच्या तपासात निघालं. जिताड्याची आणखी एक तऱ्हा: एकाच वयाच्या पिल्लांत थोडी लहान-मोठी झाली की मोठं पिल्लू धाकट्याला गिळतं. म्हणून सुरुवातीचे आठवडे आकारानुसार प्रतवारी करत बसावं लागतं.

दोरीवरची शेती, म्हणजे पाण्यातल्या दोऱ्यांवर शिंपले किंवा शैवाल वाढवणं, याच्या अगदी उलट. शिनाणे, कालवं असे शिंपले पाण्यातले प्लवक (तरंगणारे सूक्ष्म जीव) गाळून खातात. शैवालाला ऊन आणि पाण्यातली पोषकद्रव्यं पुरतात. खाद्याचं बिल शून्य. मात्र सगळा जुगार पाण्यावर. काही विषारी प्लवक वाढले की शिंपल्यात सॅक्सिटॉक्सिन साठतं. शिंपला टवटवीत दिसतो आणि शिजवूनही विष जात नाही. मग काढणी बंद, कधीकधी कित्येक आठवडे. म्हणून जवळ तपासणीची प्रयोगशाळा नसेल किंवा वरच्या अंगाला सांडपाण्याचा नाला येत असेल, तर शिंपले नकोच. शैवालाचा हिशेब वेगळा. कप्पाफायकस नावाचं शैवाल दीड महिन्यात काढणीला येतं, पण वाळून वजन सात-आठपट घटतं आणि घेणारे मोजकेच, मुख्यतः कॅराजीनन (खाद्यपदार्थ घट्ट करणारा पदार्थ) बनवणारे. पाणी तापलं की फांद्या पांढऱ्या पडून तुटतात. झांझिबारच्या उथळ पाण्यात शैवाल पिकवणाऱ्या बायकांनी हे चांगलंच सोसलंय.

टाकीबद्दल थोडक्यात. पाणी फिरवून वापरणाऱ्या टाकीत खरं तर तुम्ही जिवाणू पाळता, जे अमोनियाचं नायट्रेट करतात. ते बसायलाच काही आठवडे लागतात. भरगच्च टाकीची वीज गेली आणि जनित्र सुरू झालं नाही, तर थोड्या वेळात सगळं संपतं. शिवाय माशाला मातकट वास लागतो, तो घालवायला विक्रीआधी स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवावं लागतं. विक्रीयोग्य आकारापर्यंत मासे टाकीतच वाढवण्यापेक्षा बी थोडं मोठं करून पिंजऱ्यात सोडायला ती वापरावी, हे मला जास्त पटतं.

हाताशी भांडवल कमी आणि मासेमारी आधीच चालू असेल, तर आणखी एक वाट आहे, जिच्याकडे कोणी बघत नाही: आलेल्या मालाला वेळेवर बर्फ आणि डोकी-काटे-आतड्यांचा वापर. आज जगातलं एक तृतीयांश फिशमील आणि निम्म्याहून जास्त माशाचं तेल अशा उरल्यासुरल्यातूनच निघतं.

नवख्याने दोरीने सुरुवात करावी, असं मी सांगेन. पिंजरा तेव्हाच, जेव्हा उबवणी केंद्रातून खात्रीचं बी आणि वर्षभर गोळीखाद्य मिळेल. जागा पाहताना जाळ्याच्या तळाखाली भरपूर खोली आणि वाहतं पाणी हवं. नाहीतर विष्ठा आणि उरलेलं खाद्य खालीच साचतं. नॉर्वेत दोन पिकांमध्ये जागा किमान दोन महिने रिकामी ठेवावीच लागते. कर्जाचे हप्ते मांडताना ते महिने उत्पन्नाशिवायचे धरा.