मे महिन्यात रोइंगचा स्टॅमिना टिकवायचा तर: जिममधलं मशीन का बाबांची सायकल?

परीक्षा संपली की पुण्याची नदी, बोट, कोच सगळं सुटतं अन आपण दोन महिने सेलूकडं, जिथं मे मधे विहिरीतच पाणी नसतं तिथं बोट कुठून येणार. दोन उन्हाळे मी दोन्ही करून बघितलंय, एक वर्ष जिममधलं एर्ग, म्हणजे रोइंगचं मशीन, एक वर्ष सायकल, म्हणून लिहायलो.

खरं सांगायचं तर कागदावर एर्गच जिंकतं. तोच स्ट्रोक, म्हणजे वल्हं ओढायची हालचाल, पाय-पाठ-हात तोच क्रम, अन समोर स्प्लिट, म्हणजे ५०० मीटरला लागणारा वेळ, दिसतो म्हणून स्वतःला फसवता येत नाही. सायकलीत पाठ अन हात जवळपास सुट्टीवरच असतात. फक्त जिममधलं मशीन असेल तर बसायच्या आधी बाजूचा डॅम्पर, म्हणजे ओढ हलकी-जड करायचा खटका, बघा, आमच्याकडं तो कायम १० वर असायचा, कारण १० म्हणजे जास्त व्यायाम असा सगळ्यांचा समज. तो खाली ४ च्या आसपास आणा, नाहीतर स्ट्रोक जड होतो अन कंबर धरते.

पण माझं घोडं अडलं ते किल्लीपाशी. जिमची किल्ली ट्रेनरकडं, अन मे म्हणजे लग्नसराई. आज मावसभावाची हळद, उद्या कुणाची तरी वरात, मी साडेपाचला शटरसमोर उभा अन फोनवर "यायलोच की भाऊ, दहा मिनटात". ते दहा मिनट आठला संपायचे. आता आठला परभणी जिल्ह्यात मे मधे काय असतं हे मी सांगायला नको, अन जिम तिसऱ्या मजल्यावर, वर पत्रे, त्यात लाईट गेली की पंखा बंद. मशीनला लाईट लागत नाही हे खरंय पण माणसाला वारं लागतं ना, बोट चालली की निदान अंगावर हवा येते, इथं जागेवरच बसून घाम नुसता गळायचा, वाळायचा नाही. मार्चमधे २:०८ च्या स्प्लिटला जेवढी धाप लागायची तेवढी मे मधे २:१६ ला लागायली. मला वाटलं फिटनेस गेला, म्हणून अजून जोर लावला, अन जूनमधे पाठ धरून बसलो. उन्हाचा आकडा होता तो, माझा नव्हता, पण हे नंतर कळलं.

दुसऱ्या वर्षी बाबांची जुनी सायकल काढली. पाच वाजता पाथरी रोड, दीड तास, बोलता येईल एवढ्याच जोरात, सात वाजता घरी. २००० मीटरची रेस सात-आठ मिनिटांची असली तरी त्यातलं बहुतेक काम दमाचंच असतं अन ढकलायचं असतं पायांनीच, त्यामुळं वाटलं तेवढं नुकसान झालं नाही. संध्याकाळी बैठका, अन लिंबाच्या फांदीला लटकून पुलअप्स, तेवढेच हातावरचे घट्टे राहतात. नाहीतर जुलैत पहिल्याच आठवड्यात फोड येतात.

सायकलीचा त्रास एकच, बाभळीचे काटे. महिन्यात पाच पंक्चर काढले. तरी पंक्चर आपल्याला काढता येतं, ट्रेनरची किल्ली नाही काढता येत.

पोहायचं म्हणाल तर विहिरीत पाणी असेल अन सोबत कुणी असेल तरच, दुधनेच्या धरणात एकट्यानं अजिबात नाही. अन दुष्काळी भागातला पोरगा रोइंग काय करणार असं कुणी म्हणलं तर सांगा, चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ विहिरी खोदायच्या कामावर होता, २०१६ ला रिओ ऑलिंपिकला सिंगल स्कल्समधे, म्हणजे एकट्यानं दोन वल्ही मारायच्या रेसमधे, १३ वा आला.

तुमच्याकडं पहाटे पाचला उघडणारी, तळमजल्यावरची जिम असेल तर एर्गच करा, मी काही अडवत नाही. संभाजीनगर, नांदेडला असतीलही तशा. कॉलेज उघडायच्या आधीचे दोन आठवडे तर मी पण आठवड्यातून दोनदा मशीनवर बसतोच, स्ट्रोक विसरू नये म्हणून. बाकी यंदाही सायकलच, मागचं टायर तेवढं बदलायचंय.