कार्ब्युरेटरवाली मारुती ८००: कमी खर्चातल्या दुरुस्तीनंतर एक उन्हाळा, एक पावसाळा

गाडी १९८६ नंतरच्या घाटाची, म्हणजे एसबी३०८ मॉडेल. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चार गिअर, १२ इंची चाकं. घेतली तेव्हा इंजिन शाबूत, पत्रा सडलेला आणि वायरिंगची लक्तरं झालेली. रोजच्या वापरानंतर हिशेब असा लागतो: गाडीखाली आणि बॉनेटखाली घातलेला पैसा वसूल झाला, मिरवायला घातलेला बराचसा वाया गेला.

ही गाडी घेताना इंजिनापेक्षा पत्रा बघावा. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलायची, खालचं डांबरी आवरण खरवडायचं आणि जुन्या स्क्रूड्रायव्हरनं टोचत जायचं. टणक आवाज आला तर ठीक. टोक मऊसर रुतलं की वरचा रंग कितीही चांगला दिसो, तेवढा भाग गेला असं समजायचं. बॅटरीच्या ट्रेखाली, पुढच्या शॉकअब्सॉर्बरच्या माथ्याशी, दरवाज्यांच्या खालच्या कडेला आणि डिकीच्या तळाशी हेच करायचं. शॉकअब्सॉर्बरचा माथाच सडला असेल तर कमी बजेटवाल्यानं ती गाडी सोडून द्यावी, कारण तिथे ठिगळ चालत नाही.

फ्लोअरला २० गेजचा पत्रा पुरतो. गंजाच्या कडेपलीकडे दोन-तीन सेंटिमीटर, चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचं. गंजावर वेल्डिंग धरत नाही. काम सीओटू वेल्डिंगनंच करून घ्यावं, ०.८ मिमी वायरनं, दोन-दोन सेंटिमीटरचे टाके जागा बदलत. गॅस वेल्डिंगच्या आचेनं पातळ पत्रा वाकतो, मग तो वाक लपवायला लांबी (पुट्टी) भरतात, आणि लांबीचा थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर गेला की खड्ड्यांच्या रस्त्यावर ती तडकतेच. वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवायला सांगावं, सांगितल्याशिवाय कुणी सोडवत नाही. शेवटी सांध्यांवर सीलंट, मग अंडरकोटिंग. पण दरवाज्यांची आणि सिलची (दाराखालच्या पोकळ पट्टीची) पाणी जायची भोकं बुजू द्यायची नाहीत. अंडरकोटिंगवाले ती हमखास बुजवतात आणि पाणी आतच साठून पत्रा पुन्हा खातं.

पावसाळ्यात फ्लोअर कोरडा राहिला. पाणी आलं ते पुढच्या काचेच्या रबराखालून. रंग देताना काच न काढता रबरावर टेप चिकटवली की रबराखालचा गंज जसाच्या तसा राहतो. काच उतरवण्याची मजुरी इथे वाचवू नये.

इंधनाचं प्रकरण मात्र सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेलं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. जुने होज (पेट्रोलच्या रबरी नळ्या) आतून मऊ पडतात, त्यांचे काळे कण फिल्टरमध्ये आणि पुढे कार्ब्युरेटरच्या बारीक भोकाच्या जेटमध्ये जातात. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की इथेनॉल ओल धरतं. कार्ब्युरेटरचं फ्लोट चेंबर, म्हणजे पेट्रोल साठतं ती वाटी, उघडलं तर तळाशी तांबूस गाळ आणि पितळी जेटवर पांढरट थर दिसतो. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे होज बदलले, तेही ‘आर९’ (इथेनॉल सोसणाऱ्या होजची खूण) छापलेले. कार्ब्युरेटर किटमधली निडल, सीट आणि अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम नवा टाकला. यांत्रिक पेट्रोल पंपाचा डायफ्रामही त्याच वेळी बदलावा. तो आतून फाटला की पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली आणि ऑइलला पेट्रोलचा वास, ही त्याची खूण. अशा ऑइलवर गाडी चालवली तर बेअरिंग जातात.

होज बदलूनही पिकअपला अडखळत असेल, तर कारण मिश्रणात असतं. या पेट्रोलला साध्या पेट्रोलपेक्षा सुमारे ७-८ टक्के कमी हवा लागते, त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ होतं आणि प्लग पांढरे पडतात. आयडल मिक्श्चरचा स्क्रू पाव ते अर्धा फेरा बाहेर घेतल्यावर आयडलिंग सुधारलं. पिकअपसाठी मेन जेट एक नंबर मोठा टाकावा लागला. इग्निशनच्या पॉइंटचा गॅप ०.४ ते ०.५ मिमी, प्लगचा ०.७ ते ०.८. एवढं नीट असेल तर सकाळी चोक थोडाच वेळ लागतो.

थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून टाकण्याचा सल्ला दहातले आठ मेकॅनिक देतात. ऐकू नये. त्यामुळे इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं. उन्हाळ्यात तापमान ताब्यात राहिलं ते रेडिएटर आतून साफ करून, नवा पंख्याचा स्विच टाकून आणि नळाच्या पाण्याऐवजी कूलंट भरून. इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. एकदा जास्त तापलं की गॅस्केट जातं आणि हेडही वाकतं.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी बदल हेडलाइटच्या रिलेचा. रिले म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. दोन ५५/६० वॉटचे बल्ब अपरवर (हाय बीमवर) सुमारे १० अँपिअर ओढतात आणि तो सगळा करंट स्टिअरिंगच्या खोडावरच्या जुन्या स्विचमधून जातो. त्यामुळे स्विच वितळतो, उजेड पिवळा पडतो. लो आणि हायसाठी दोन ३० अँपिअरचे रिले, १५ अँपिअरचे फ्यूज, बॅटरीपासून अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि बॉडीला खरवडून दिलेली अर्थ. तेच बल्ब, पण रात्रीचा रस्ता दिसू लागतो.

आता वाया गेलेला खर्च. १३ इंची अलॉय, १५५/६५ टायरसकट. बोल्ट पॅटर्न ४×११४.३ (चार बोल्ट, ११४.३ मिमी व्यासाच्या वर्तुळावर) जुळतो, पण चाकाचा व्यास मूळ १४५/७० आर१२ पेक्षा ४.७ टक्के वाढतो. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी जवळपास ६३ वर असते, चढावर पहिला गिअर दमतो, पूर्ण वळवताना टायर आतल्या लायनरला घासतो, आणि पॉवर स्टिअरिंग नसल्यानं पार्किंगमध्ये हात भरून येतात. मूळ रिमवर १५५/७० आर१२ घातला असता तर वाढ २.८ टक्क्यांवरच राहिली असती. सीट कव्हर, स्टिअरिंग कव्हर वगैरे ठीकठाक.

नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून वाढवावी लागते, सोबत पर्यावरण कर. रंग बदलला असेल तर तो आधी आरसीवर चढवून घ्यावा. तपासणीला नेण्यापूर्वी हँडब्रेक, हेडलाइटचा फोकस आणि ड्राइव्हशाफ्टचे रबर बूट बघावेत. बूट फाटलेला असेल आणि वळताना अजून टक टक आवाज येत नसेल, तर नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागतं. आवाज सुरू झाला की पूर्ण जॉइंटच बदलावा लागतो.