स्मार्ट की स्क्रब?
फोर्ट-दादरच्या छोट्या ऑफिसांतल्या लिनक्स सर्व्हरवर सॉफ्टवेअर रेड (एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकावा म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडण्याची सोय) असतं, आणि बिघाड आधी कळावा म्हणून भिस्त बहुधा स्मार्टवर, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींवर. त्यातला क्रमांक ५ (बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे) किंवा १९७ (वाचता न आलेले) वाढू लागला की डिस्क बदलायची. झटपट, फुकट. पण गूगलच्या २००७च्या अभ्यासात निकामी झालेल्या निम्म्याहून अधिक डिस्कांनी स्मार्टच्या चार मुख्य निर्देशांकांत काहीच दाखवलं नव्हतं.

स्क्रब, म्हणजे रेडची पूर्ण तपासणी, डिस्कांना प्रत्येक सेक्टर वाचायला लावतो. वर्षानुवर्षं न उघडलेल्या फायलींखालचा खराब भाग तेव्हाच सापडतो, शिवाय उरलेल्या डिस्कांवरून पुन्हा लिहिलाही जातो. मोठ्या डिस्कवर तासन्‌तास चालतो, म्हणून शनिवारी रात्री लावावा. एकच निवडायचं तर माझं मत स्क्रबला. एमडीएडीएमचा, म्हणजे लिनक्सवर रेड सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा, ईमेल? तो सहसा डिस्क रेडमधून बाहेर पडल्यावरच येतो!