होलवाला बॉक्स की बंद पेटी?

परभणीहून मेहुण्याचा फोन आला. "दाजी, गाणी ऐकायला स्पीकर घ्यायचाय, होलवाला बॉक्स घेऊ का बिनहोलाचा? दुकानदार म्हणायलाय, होलवाल्याला बेस जास्त येतो." दुकानदार खोटं बोलत नव्हता. पण जास्त म्हणजे कोणत्या सुराला आणि कोणत्या खोलीत, तेवढं सांगायचं राहिलं, आणि मेख तिथंच आहे.

बंद पेटीत कोनाच्या, म्हणजे स्पीकरच्या आत-बाहेर हलणाऱ्या पडद्याच्या, मागची हवा कोंडलेली असते. कोन आत गेला की ती त्याला बाहेर लोटते, बाहेर आला की आत ओढते. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर विलचर यांनी याच हवेच्या स्प्रिंगवर भिस्त ठेवून 'एआर-१' हा स्पीकर काढला आणि कपाटाएवढ्या खोक्यातून येणारा बेस लहानशा पेटीतून यायला लागला. होलाची युक्ती त्याहून जुनी. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेतल्या अल्बर्ट थुरस यांना तिचं पेटंट १९३२ मध्येच मिळालं होतं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती एका ठरलेल्या सुरात घुमते, तसंच इथं होलामागच्या नळीतली आणि पेटीतली हवा मिळून घुमते. त्या सुराला कोन जवळजवळ जागच्या जागी असतो, आवाज नळीच काढते. कमी वॅटच्या ॲम्प्लिफायरला ही मोठीच मदत.

किंमत मोजावी लागते ती त्या सुराच्या खाली. बंद पेटीचा आवाज खाली दर सप्तकाला १२ डेसिबलनं उतरतो, होलवालीचा २४ डेसिबलनं. एक जण जिन्यानं उतरतो, दुसरा गच्चीवरून उडी मारतो. शिवाय त्या सुराखाली होलवालीत कोनाला मागून धरणारं कुणी उरत नाही. मोबाइलवर बेस फुल्ल करून संबळ लावला की कोन बाहेर पडतो की काय असं वाटतं, ते यामुळं.

आता मेहुणा ऐकतो काय? अभंग, नाट्यपद, रात्री ख्याल. काळी एक पट्टीत गाणाऱ्याचा षड्ज १३८ हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) आसपास आणि तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झला. म्हणजे ४० हर्ट्झपर्यंत खोल जाणाऱ्या बॉक्सचे पैसे मोजून त्यातलं खालचं जवळजवळ पाऊण सप्तक रिकामंच राहणार. मला विचाराल तर डग्ग्याची घुमक जशी उठली तशी विरली पाहिजे, आणि चांगल्या बंद पेटीत ती विरते. होलवालीत, त्यातही स्वस्तातल्या, तिला शेपूट येतं. सिनेमे बघणाऱ्यानं किंवा मोठ्या हॉलमध्ये गाणी लावणाऱ्यानं मात्र माझं ऐकू नये, होलवालीच घ्यावी.

खोलीकडं तर कुणी बघतच नाही. मेहुण्याची खोली दहा बाय बारा, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा सूर अडकून घुमतो, दहा फुटांच्या भिंतींमध्ये ५६ चा. बरेच मध्यम होलवाले बॉक्स नेमके ४५ ते ५५ च्या टापूत जुळवलेले असतात. खोली घुमते, नळीही घुमते, मग बेस कसला, नुसता गोंगाट. त्याच्याच गावाकडच्या माळवदाच्या घरात मातीच्या जाड भिंती, लाकडी छत आणि कोपऱ्यात गोधड्यांची चळत आहे. तिथं तोच बॉक्स शहाण्यासारखा वागतो.

होल मागं असेल तर भिंतीपासून निदान वीतभर अंतर हवं, जास्त असलं तर उत्तम. पुढं असेल तर ही अडचण कमी, पण पेटीतला मधल्या पट्टीचा आवाजही त्यातून बाहेर डोकावतो. आतून ३० सेंटिमीटर उंच असलेल्या पेटीत साधारण ५७० हर्ट्झची लाट उभी राहते, म्हणजे ऐन गळ्याच्या जागेत. बंद पेटीत तंतू ठासून ती मारता येते. होलवालीत नळीची वाट मोकळी ठेवावी लागते, म्हणून भिंतींनाच अस्तर लावून भागवायचं. कापसाचा मुलूख आहे म्हणून घरची जुनी गादी उसवू नका. कापूस खाली बसतो, किडेही होतात. उशीत भरतात ते पॉलिएस्टरचे तंतू बरे.

वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला लोक 'सुतार का झोपडा' म्हणतात, छताला लाकडी वासे वाटावेत अशा दगडी फासळ्या कोरल्यात. आत एक 'ओम' म्हणा, घुमत राहतो. दगडाची भिंत काय हलणार? घुमते ती हवा. बॉक्समध्ये हवा घुमते आणि भिंतही थरथरते, हे दोन रोग वेगळे. तंतू हवेवरचं औषध. भिंतीसाठी जाडी हवी, आतून आडवे पट्टे हवेत.

हे मी पदरचे पैसे घालून शिकलो. सुताराकडून १२ एमएम जाड फळीची पेटी करून घेतली, आतून आडवा पट्टा एकही नाही. तबला बरा वाजायचा, पण कुणी गायला लागलं की वाटायचं रांजणात तोंड घालून गातंय. १२ ऐवजी १८ एमएम घेतलं की फळीचा ताठपणा जवळपास साडेतीनपट होतो, आणि मी वाचवले होते अडीचशे रुपये. बीबीसीनं मात्र १९७० च्या दशकात 'एलएस ३/५ ए' या छोट्या बंद मॉनिटरला (स्टुडिओत आवाज तपासायच्या स्पीकरला) मुद्दाम १२ एमएमचीच बर्च प्लायवूड वापरली. पण आतून जड पॅड चिकटवून थरथर लगेच मरेल अशी सोय केली होती. नुसती पातळ फळी म्हणजे बीबीसी नव्हे.

आकाराबद्दल थोडंच. पुढची फळी २० सेंटिमीटर रुंद असेल तर साधारण ५७५ हर्ट्झच्या खालचा आवाज बॉक्सला वळसा घालून मागं जातो. मोकळ्या स्टँडवर ठेवला तर आवाज किडकिडीत लागतो, भिंतीशी ठेवला तर भरतो. कडा गोलसर असतील तर चांगलंच, पण त्यासाठी दीडपट पैसे देऊ नका. नागमोडी बोगद्याच्या ट्रान्समिशन लाइन पेट्याही असतात. ऐकायला झकास, करायला किचकट. गल्लीतल्या सुताराला त्यात पाडू नये.

मेहुण्याला मी परभणीच्या खोलीसाठी बंद पेटी सांगितली. ती मिळालीच नाही, तर मागं होल असलेली घे आणि होलात फोमचा बोळा बसवून बघ, जुना मोजाही चालतो. दुकानात जाताना एका पुरुष गायकाचं रेकॉर्डिंग ने आणि बॉक्सच्या कुशीवर बोटाचं पेर आपट. 'ठक' आला तर पुढं बोल, 'ढब' आला तर चहा पिऊन परत ये. गावाकडं होलवाली नेणार असशील, तर वाजत नसेल तेव्हा होल बुजवून ठेव. आमच्या एका बॉक्सच्या नळीत कुंभारमाशीनं उन्हाळाभरात मातीचं घर बांधलं होतं, आणि आम्ही दोन महिने ॲम्प्लिफायर बदलत बसलो होतो.