निवृत्तीनंतरचा एकच अँप्लिफायर : वापरलेला लक्समन एल-५०५ यूएक्स मार्क २

निवृत्तीनंतर पुण्यातल्या लहान फ्लॅटमध्ये राहायला येताना प्री-अँप्लिफायर, पॉवर अँप्लिफायर, वेगळा फोनो स्टेज (टर्नटेबलचा क्षीण संकेत वाढवणारा भाग) आणि त्यांच्या मागचे तारांचे जाळे एवढा पसारा बरोबर आणायचा नाही, हे मी ठरवून टाकले होते. टर्नटेबल, सीडी प्लेअर आणि हार्बेथ पी३ईएसआर हे छोटे स्पीकर तेवढे ठेवले. या तिघांना पुरेल असा एकच, उत्तम प्रतीचा पण वापरलेला इंटिग्रेटेड अँप्लिफायर, म्हणजे प्री आणि पॉवर एकाच पेटीत असलेला, शोधण्यात चार महिने गेले.

शोधाच्या सुरुवातीलाच एक चूक होता होता टळली. एका विक्रेत्याने 'आपल्याकडच्या विजेवर चालतो' असे फोनवर छातीठोकपणे सांगितलेल्या अँप्लिफायरच्या मागच्या पट्टीवर, प्रत्यक्ष जाऊन पाहिले तेव्हा, १०० व्होल्ट असे स्पष्ट छापलेले होते. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनलेली यंत्रे १०० व्होल्टची असतात आणि आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. अशा यंत्राला कायमचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर जोडावा लागतो, म्हणजे कमी केलेला पसारा पुन्हा वाढतो. वापरलेले जपानी यंत्र घेताना आवाज ऐकण्याआधी मागची पट्टी वाचावी, असे मी आग्रहाने सांगेन.

लक्समन या जपानी कंपनीचाच २० वॉटचा क्लास ए प्रकारातला एल-५५० एएक्स मार्क २ मनात भरला होता. परंतु क्लास ए यंत्र गाणे चालू नसतानाही सतत वीज खाऊन तापत राहते, आणि एप्रिल-मे महिन्यांत लहान खोलीत ती उष्णता मला नको होती. शिवाय हार्बेथची संवेदनक्षमता (ठरावीक ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो ते) ८३.५ डेसिबल एवढीच असल्याने थोडी जास्त ताकद हाताशी असलेली बरी. अक्युफेज या दुसऱ्या जपानी कंपनीच्या ई-२८० मध्ये ९० वॉट मिळतात, पण फोनोसाठी वेगळे कार्ड घ्यावे लागते. एल-५०५ यूएक्स मार्क २ मध्ये ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॉट आहेत आणि एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) व एमसी (मूव्हिंग कॉइल) या दोन्ही प्रकारच्या कार्ट्रिजसाठी, म्हणजे टर्नटेबलच्या सुईच्या भागासाठी, फोनो आतच आहे. नव्याच्या साधारण निम्म्या किमतीत २३० व्होल्टचा नग मिळाला, तेव्हा शोध थांबवला.

पैसे देण्यापूर्वी तो तासभर चालू ठेवला, आवाजाची पातळी दाखवणाऱ्या दोन्ही व्हीयू मीटरचे काटे बरोबरीने हलतात का ते पाहिले, प्रत्येक बटण आणि रिमोट तपासला, आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून डीसी व्होल्टेज मोजले. ते काही मिलिव्होल्टच भरले, म्हणजे स्पीकरला धोका नव्हता.

वापरलेल्या अँप्लिफायरमध्ये आवाजाची खुंटी सहसा आधी म्हातारी होते. ती खरखरते, किंवा हळू आवाजात एक बाजू दबते. येथे साध्या पोटेन्शिओमीटरऐवजी (घासत फिरणाऱ्या खुंटीऐवजी) रेझिस्टरांच्या ८८ पायऱ्यांची 'लेकुआ' रचना आहे, त्यामुळे रात्री अगदी हळू लावलेल्या मालकंसातही तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा मधोमध स्थिर राहतात. माझ्यासाठी हा गुण १०० वॉटपेक्षा मोलाचा आहे. दुसरा गुण मोनोच्या बटणाचा. माझ्याकडच्या जुन्या शास्त्रीय संगीताच्या कित्येक तबकड्या मोनो आहेत. बटण दाबताच खाचेतल्या सुईच्या उभ्या हालचालीतून येणारी खरखर बरीचशी विरते आणि गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या मध्ये एका जागी येऊन बसतो. छोट्या स्पीकरांतून डग्ग्याचा खर्ज थोडा कमी वाटला, तर बासची खुंटी एक खूण पुढे नेतो. टोन कंट्रोल वापरणे कमीपणाचे मानणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही.

यात डिजिटल इनपुट नाही, म्हणून फोनवरचे संगीत ऐकायचे असेल तर बाहेरचा डॅक (डिजिटल संकेताचे अॅनालॉगमध्ये रूपांतर करणारे यंत्र) जोडावा लागतो. वजन २२.५ किलो आहे. साठी उलटलेल्या माणसाने तो एकट्याने उचलू नये. मी तो खालच्या फळीवर न ठेवता सर्वांत वरच्या फळीवर ठेवला आहे, कारण झाकणावरच्या जाळीतून उष्णता बाहेर पडायला मोकळी जागा लागते आणि मागच्या तारा जोडताना वाकावेही लागत नाही.