आयरेसिंग एक वर्ष वापरून : पांढऱ्या पट्टीला पाच स्टार, पिट एक्झिटला तीन

आयरेसिंगचं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ऑनलाईन कार रेसिंगचं, वर्षाचं सबस्क्रिप्शन संपत आलंय, रिन्यू करायचं की नाही याचा घोळ डोक्यात चालूच आहे, तर म्हटलं आधी एक रिव्ह्यू लिहून टाकू. ग्राफिक्स कसे आहेत, गाड्या किती आहेत हे सगळीकडे मिळतं, ते सोडतो. मला दोनच गोष्टींवर बोलायचंय, ट्रॅक लिमिट, म्हणजे गाडी ट्रॅकच्या हद्दीत ठेवणं, आणि पिटमधून, म्हणजे टायर-दुरुस्तीसाठी थांबायच्या बाजूच्या रस्त्यातून, बाहेर पडणं. कारण वर्षभर मी शिव्या खाल्ल्या त्या या दोन गोष्टींवरून, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा त्या माझ्याच चुकीने खाल्ल्यात.

आधी माझा सेटअप सांगतो म्हणजे गैरसमज नको. भाच्याने गेमचं नवीन स्टिअरिंग व्हील घेतलं तेव्हा त्याचं जुनं लॉजिटेक जी २९ माझ्या गळ्यात मारलं. ते डायनिंग टेबलला क्लॅम्प करतो, आणि ऑफिसची चाकाची खुर्ची आहे ती जोरात ब्रेक मारला की मागे पळते, म्हणून तिच्या मागच्या दोन चाकांखाली जुने बूट घालून ठेवलेत. हसू नका, टकाटक चालतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयरेसिंग ही अमेरिकेतली सर्व्हिस, २००८ पासून चालू आहे, ट्रॅक लेझरने स्कॅन करून बनवतात त्यामुळे खड्डा न खड्डा जागेवर. गेम एकदा विकत घेतला आणि झालं असं नाही, मी घेतलं तेव्हा महिन्याला १३ डॉलर किंवा वर्षाला ११० डॉलर, वर ट्रॅक आणि गाड्या वेगळ्या विकत. बेल्जियमचा स्पा ट्रॅक पाहिजे, पंधरा डॉलर काढा. मॉन्झा पाहिजे, अजून पंधरा काढा. एका ट्रॅकला बाराशे-तेराशे रुपये मोजताना पहिल्या वेळी हात थरथरला होता, आता निबर झालोय.

आता ट्रॅक लिमिट. इथे पोलीस नाही, पंच नाही, सगळा हिशोब मशीन करतं. चारही चाकं ट्रॅकच्या बाहेर गेली की दंडाचा १ पॉइंट. गाडी गरगर फिरली किंवा भिंतीला घासली की २. दुसऱ्या गाडीला जोरात ठोकलं की ४. हे पॉइंट आणि तुम्ही किती वळणं पार केली याचं गणित मांडून तुमचं सेफ्टी रेटिंग ठरतं, ते ० ते ४.९९, आणि त्यावर लायसन्स. रूकी, मग डी, सी, बी, ए. सीझन संपताना रेटिंग ३ च्या वर असेल तर वरच्या वर्गात, आणि ४ ला पोचलात तर सीझन संपायची वाट बघायची पण गरज नाही.

सुरुवातीला मला वाटायचं हा निव्वळ कारकुनी छळ आहे. लाईम रॉकच्या ट्रॅकवर माझदाची एमएक्स ५ गाडी घेऊन जायचो, शेवटच्या डाउनहिल वळणातून बाहेर पडताना गाडी आपसूक डावीकडे गवताकडे सरकते, आणि स्क्रीनवर हळूच १ यायचा. एका रेसमध्ये मी कुणालाही न शिवता, एकटाच, नऊ पॉइंट गोळा केलेत! नऊ! भाचा मागे सोफ्यावर बसून वडापाव खात होता, म्हणाला, "मामा, तू रेस करतोयस की शेतात नांगर घालतोयस?"

पण दोन-तीन महिन्यांनी एक गोष्ट लक्षात आली. मी वळणातून बाहेर पडताना जरा थांबून गॅस द्यायला लागलो होतो. कुणी शिकवलं नाही, त्या १ च्या भीतीने पाय आपोआप शहाणा झाला. आणि लॅप टाईम उलट कमी झाला, कारण आधी मी बाहेर जाऊन, गाडी सावरून, परत आत यायचो त्यात वेळ जायचाच. म्हणजे ही सर्व्हिस कोच वगैरे देत नाही, पण प्रत्येक चुकीची पावती मात्र जागच्या जागी हातात देते. टीव्हीवरच्या रेसमध्ये बघा काय होतं, एफवनची (फॉर्म्युला वन) २०२३ ची ऑस्ट्रियन ग्रां प्री आठवत असेल, गाडी बाहेर गेल्याच्या बाराशेच्या वर संशयित केसेस तपासायला आल्या, रेस संपल्यावर कित्येक तासांनी आठ ड्रायव्हरांना पेनल्टी वाटल्या आणि निकाल बदलला. शेवटी पुढच्या वर्षी तिथे ९ आणि १० नंबरच्या वळणांना खडीची पट्टी टाकली तेव्हा कुठे गाड्या जागेवर आल्या. त्यापेक्षा हे बरं, जेव्हाचं तेव्हा.

एक मात्र ध्यानात घ्या, सीमा दरवेळी ट्रॅकच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवरच असेल असं नाही. एफवनमध्ये पट्टी म्हणजे पट्टी, गाडीचा एक तरी भाग तिच्यावर किंवा आत पाहिजे, कर्ब, म्हणजे वळणाच्या कडेचा रंगीत उंचवटा, धरत नाहीत. इथे काही वळणांत कर्बच्या पलीकडचं डांबर पण चालून जातं आणि काही ठिकाणी जरा चाक गेलं की गेलंच. ते ट्रॅक ट्रॅकवर अवलंबून आहे, आणि पाठ करण्याशिवाय इलाज नाही. नवीन ट्रॅक घेतला की मी आधी अर्धा तास एकटा जाऊन मुद्दाम प्रत्येक वळणात बाहेर जाऊन बघतो कुठे १ येतो. बायकोला वाटतं मला गाडी चालवता येत नाही. वाटू दे.

जे मला आवडत नाही ते स्लो डाऊन. तुम्ही कोपरा कापून वेळ कमावला की स्क्रीनवर येतं, हळू व्हा, कमावलेला वेळ परत द्या, नाही दिला तर काळा झेंडा, म्हणजे पेनल्टी. तत्त्वाने एकदम बरोबर. पण माणूस घाबरून कुठे हळू होतो? तिथल्या तिथे, रेसिंग लाईनवर, म्हणजे सगळे ज्या सर्वात वेगवान वाटेने जातात तिच्यावर, मागून चार गाड्या नाकाला नाक लावून येत असताना. म्हणजे चूक एकाची आणि मागचे तिघे एकमेकांच्या डिकीत. माझं ऐका, आधी लाईन सोडा, बाजूला व्हा, मग पाय उचला. वेळ द्यायला पुढे सरळ रस्ता पडलेला असतो, त्याच सेकंदाला ब्रेकवर उभं राहायची गरज नसते.

आता माझं दुखणं, पिट एक्झिट.

आपण गाडी कुठे शिकलो ते बघा. मी पुण्याचा. सर्व्हिस रोडवरून बायपासला लागायचं म्हणजे काय करायचं, तर मान अर्धी उजवीकडे वळवायची, इंडिकेटर लावला तर लावला, आणि नाक घुसवायचं. मागचा हॉर्न मारेल, ब्रेक मारेल, दोन शब्द बोलेल, पण थांबेल. वीस वर्षं हेच केलंय. हीच सवय घेऊन मी स्पाच्या पिटमधून बाहेर आलो.

जीटी थ्री वर्गाच्या स्पोर्ट्स गाड्यांची रेस होती. दुसऱ्याच लॅपला मी पुढच्याला मागून धडकून बॉनेट चेपून घेतलं होतं, म्हणून रिपेअरला पिटमध्ये. बाहेर पडलो. स्पाला पिटचा रस्ता ला सूर्स या वळणाच्या पुढे उजव्या बाजूने बाहेर निघतो आणि उतारावरून ओ रूज या वळणाकडे जातो, मध्ये पांढरी पट्टी. गंमत अशी की ओ रूज आधी डावीकडे वळतं, म्हणून ट्रॅकवरचे लोक पण त्या उतारावर उजवीकडेच सरकत येतात. म्हणजे पट्टी संपते त्याच जागेवर दोघांनाही जायचं असतं, एकाला ११० ने आणि दुसऱ्याला २०० च्या वर. मला हे सगळं आता माहितीये. तेव्हा मी लिमिटर (पिटमध्ये वेग बांधून ठेवणारं बटण) सोडला, गॅस पूर्ण दाबला, पट्टी संपायच्या आधीच डावीकडे घुसलो, टायर थंडगार, मागचा भाग सुटला, आणि मी ट्रॅकवर आडवा. मागून एक पोर्शे आली. धाड.

त्याला ४, मला ४. त्याचा काडीचा दोष नव्हता, तिसऱ्या नंबरवर होता बिचारा. त्याने चॅटमध्ये एवढंच टाकलं, पट्टी पाळ रे भावा. म्हणजे लिहिलं इंग्रजीत, पण मला असंच ऐकू आलं. मी सॉरी टाईप करेपर्यंत तो रेस सोडून गेला होता.

आणि इथेच मला या सिस्टिमबद्दल बोलायचंय. पॉइंट देताना मशीन चूक कुणाची हे बघतच नाही, धडक झाली की दोघांच्या खात्यात. तसं ते मुद्दाम ठेवलंय, कंपनी उघड सांगते, आणि हजारो रेसमध्ये प्रत्येक धडकेचा पंचनामा कोण करणार, तेही खरं. तुम्ही नीट चालवत असाल तर दूरच्या हिशोबात रेटिंग वर जातंच. वळणांवर हे पटतं. पण पिट एक्झिटला बाहेर येणारा आणि ट्रॅकवरचा हे दोघे मुळात सारखे नसतात ना! एकाकडे आरसा आहे, रेडिओ आहे, थांबायला जागा आहे, दुसरा फुल स्पीडला वळणात शिरतोय. तिथे दोघांना सारखेच ४ म्हणजे रिक्षावाला गल्लीतून सुसाट बाहेर आला आणि पावती दोघांच्या नावाने फाटली. पिटमध्ये स्पीड लिमिट मोडा, काळा झेंडा लगेच येतो, तिथे मशीन एकदम तल्लख. पण लिमिटर सोडल्यानंतरच्या त्या दोनशे मीटरमध्ये काय अक्कल वापरायची ते तुमच्यावर. पट्टी ओलांडली म्हणून दर ट्रॅकवर मशीन ओरडेलच असं धरून चालू नका. ग्रान टुरिझ्मो या दुसऱ्या रेसिंग गेममध्ये पिटची पट्टी तुडवली की रोकडा पेनल्टी लागते, ते मला जास्त आवडतं.

तक्रार करायची सोय आहे, रिप्ले जोडून प्रोटेस्ट टाकता येतो आणि तो माणसं बघतात. चांगलंय. पण पट्टीचा वाद माणसांनाही सोपा नसतोच, २०२२ ला एफवनच्या मोनॅकोच्या रेसमध्ये फेरारीने रेड बुलच्या दोन्ही गाड्यांविरुद्ध पिट एक्झिटच्या पट्टीवरूनच प्रोटेस्ट केला होता, आणि तो फेटाळला गेला, कारण त्या वर्षीच्या नियमात टायर पट्टीच्या पूर्ण पलीकडे जायला पाहिजे होता. चाक पट्टीवर होतं की पट्टीपार, यावर रेड बुलच्या पेरेझचा विजय अडकला होता!

तेव्हापासून मी काय करतो ते सांगतो, कामाला येईल. पिटमधून निघायच्या आधी एफ ३ दाबून रिलेटिव्ह उघडं ठेवायचं, त्यात मागचा किती सेकंदावर आहे ते दिसतं. हे भाच्याने शंभर वेळा सांगितलं होतं, "अरे मामा, रिलेटिव्ह बघ ना", पण मी पडलो शहाणा. मागचा चार-पाच सेकंदांत असेल तर निमूटपणे पट्टीच्या आतच राहायचं, तो जाईपर्यंत. चॅटचं एक बटण असतं, दाबलं की पिटमधून बाहेर येतोय असा मेसेज सगळ्यांना जातो, ते व्हीलवरच लावून टाका, फुकट आहे. पट्टी संपली तरी पुढचं वळण आपल्या बाजूनेच घ्यायचं, लगेच लाईनवर उडी नको. आणि थंड टायरवर गॅस हळू. २०२३ ला डब्ल्यूईसी या लांब पल्ल्याच्या रेसच्या मालिकेने टायर गरम करायची सोय काढून घेतली तेव्हा स्पालाच भल्याभल्यांच्या गाड्या थंड टायरवर फिरल्या, इतकं की ले मॉंच्या २४ तासांच्या रेसला ती सोय तात्पुरती परत द्यावी लागली. ते पगारी ड्रायव्हर. आपण टेबलाला क्लॅम्प लावून बसलेले.

आणि ट्रॅकवर असाल तर उलट काम, बाहेर येणारा दिसला म्हणून घाबरून लाईन बदलू नका. तुम्ही सरळ गेलात तर त्याला अंदाज येतो, तुम्ही नाचलात की दोघंही गेले. पहिले सहा महिने मी इथे पण सौजन्य दाखवायला जाऊन दोघांना गवतात पाठवलंय.

बाकीचं पटकन. इथून पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, जास्त असतो, माझं नेट संध्याकाळी तसंही रडतं, त्यामुळे पिट एक्झिटला शेजारची गाडी मध्येच उडी मारल्यासारखी दिसते, म्हणून मी अंतर नेहमीपेक्षा दुप्पट ठेवतो. गेममधल्या स्पॉटरचा आवाज चालू ठेवा, बाजूला गाडी आहे की नाही ते तो सांगतो, पण पिटच्या पट्टीपलीकडची सुसाट येणारी गाडी बाजूला येईपर्यंत त्याच्या हिशोबात नसते, तर फक्त त्याच्या भरवशावर राहू नका. ऑनलाईन रेसिंग नवीनच चालू करत असाल तर आधी फुकटात मिळणाऱ्या ट्रॅकवर, लाईम रॉक, समिट पॉइंट, ओकायामा वगैरे, महिनाभर घासा, मग पैसे काढा. आणि पैसे काढायचेच असतील तर नोव्हेंबरातल्या सेलपर्यंत थांबा.

पाच पैकी किती? ट्रॅक लिमिटला पाच, स्लो डाऊनचा अर्धा कापून साडेचार म्हणा हवं तर. पिट एक्झिटला तीन, आणि त्यातला एक त्या पोर्शेवाल्यासाठी, त्याने प्रोटेस्ट टाकला असता तर माझं काही खरं नव्हतं. किंमतीला अडीच. डॉलर आहे बाबा.

रिन्यू करणार का, तर हो, काल रात्री लिहिता लिहिताच केलं. पुढच्या आठवड्यात मॉन्झा आहे. तिथे पिटमधून उजवीकडून बाहेर येतात आणि पहिलं वळणही उजवीकडेच, म्हणजे डावीकडून ब्रेक मारून आत येणारे सगळे माझ्याच दारातून आत येणार. आज जेवण झालं की नुसतं पिटमध्ये जायचं आणि बाहेर यायचं, वीस वेळा, एवढंच करणार आहे. भाचा म्हणतो तो समोरून बघायला येतोय, वडापाव घेऊन.