डी५६०० की डी७२०० : कपाटात जुनी लेन्स असेल तर

निकॉनचे हे दोन कॅमेरे समोर ठेवून विचारात पडलेल्या माणसाला बहुतेक जण सांगतात : दोन्हींचा सेन्सर २४ मेगापिक्सेलचा, फोटोत फरक दिसणार नाही, स्वस्तात मिळेल तो घे. भरपूर उजेडातल्या फोटोंपुरतं ते खरंही आहे. मी दोन्ही वापरलेत. आधी नवा डी५६०० घेतला, दीड वर्षानं तो विकून वापरलेला डी७२०० आणला. माझा कल कुठे आहे हे त्यावरून कळेलच. पण तो माझ्या कपाटातल्या दोन लेन्समुळे ठरला, तेव्हा तुमच्या कपाटात काय आहे ते आधी बघा.

मामांचा साताऱ्यात फोटो स्टुडिओ होता. तो बंद करताना त्यांनी ५० मिलिमीटर एफ/१.८डी आणि ८५ मिलिमीटर एफ/१.८डी अशा दोन लेन्स माझ्या हातात दिल्या. "पंच्याऐंशीला जप रे, नवरीचा चेहरा हिच्यासारखा दुसरी कुठली काढत नाही," म्हणाले. कॅमेरा घेताना मी दुकानात विचारलं, या बसतील ना? बसतील, निकॉनचा माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची कडी, एकच, असं उत्तर मिळालं. बसल्याही. पण बटण अर्धं दाबलं की लेन्समध्ये काहीच हलेना.

कारण जुनं आहे. १९८६ साली निकॉननं एफ-५०१ मध्ये ऑटोफोकसची मोटर बॉडीत, म्हणजे कॅमेऱ्यातच ठेवली. माउंटच्या कडेला स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारखी बारीक पिन असते, ती लेन्सच्या खाचेत बसते आणि बॉडीतली मोटर तिच्यामार्फत लेन्सचे गियर फिरवते. कॅननने पुढच्याच वर्षी दुसरी वाट धरली, मोटर लेन्समध्ये घातली. पुढे निकॉनही आत मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स काढून त्याच वाटेला लागलं, आणि २००६ च्या डी४० मध्ये तर बॉडीतली मोटर ठेवलीच नाही. डी५६०० त्या घराण्यातला. डी७२०० मध्ये मोटर आहे. मामांच्या दोन्ही लेन्स एएफ-डी जातीच्या, नावात शेवटी डी असलेल्या. एएफ-डी लेन्सला स्वतःची मोटर नाही, त्यामुळे डी५६०० वर तिचं मीटरिंग, म्हणजे उजेडाचं मोजमाप चालतं, एक्सपोजर बरोबर येतं, फोकस तेवढा हातानं करावा लागतो.

हातानं फोकस करायला माझी हरकत नव्हती. देवळातलं शिल्प, पारावर बसलेले आजोबा, यांना वेळ देता येतो. व्ह्यूफाइंडरमध्ये खाली हिरवा ठिपका स्थिर झाला की जमलं म्हणायचं. त्याची हद्द मला पुतणीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात कळली. तिचा कोळीनाच होता. मी पहिल्या रांगेत, अंतर साधारण चार मीटर, उजेड पिवळा आणि तोकडा, म्हणून ८५ ची लेन्स पूर्ण उघडून, एफ/१.८ वरच. एवढ्या अंतरावर या लेन्समधून जेवढी खोली स्पष्ट दिसते ती वीतभरही भरत नाही. पोरगी एक पाऊल पुढे आली की ठिपका जायचा, मी रिंग फिरवून तो परत आणायचो, तोवर ती मागे गेलेली असायची. डी५६०० चा व्ह्यूफाइंडर प्रिझमऐवजी आरशांचा आहे. तो लहान आहे आणि मला तरी जरा अंधारा वाटतो. फोकस पापणीवर बसलाय की कानातल्या डुलावर, हे त्यात मला ओळखता येत नसे. अख्ख्या नाचातले तीन फोटो ठेवण्याजोगे निघाले. वहिनींनी अल्बमसाठी मागितले तेव्हा तेवढेच पाठवले. शेवटच्या उडीचा एकही नव्हता, आणि त्याची चुटपुट मला अजून आहे.

८५ ची एएफ-एस आवृत्ती २०१२ सालीच आली आहे. ती लेन्स चांगली आहे, डी५६०० वर झकास फोकस करते, आणि ज्यांच्याकडे जुनं काही नाही त्यांनी सरळ तीच घ्यावी. माझ्या हिशेबात मात्र बॉडी बदलायला वरचे जे पैसे घालावे लागत होते, ते या लेन्सच्या किमतीपेक्षा कमी भरले. शिवाय मामांची लेन्स कपाटात ठेवून तशीच दुसरी आणायची, हे मनाला पटेना.

पुढच्या संमेलनाला डी७२०० नेला. लेन्स घर्र घर्र आवाज करते, शांत सभागृहात शेजारचा वळून बघतो आणि व्हिडिओत तर तो आवाज येतोच. पण फोकस बसतो, आणि मुलगी हलली तरी तिच्यामागे जातो. फोकसचे बिंदू ३९ ऐवजी ५१ आहेत, प्रिझममुळे समोरचं मोठं आणि पूर्ण दिसतं. आणखी एक गोष्ट हाती आली. ही जुनी लेन्स किंचित मागे फोकस करते, डोळ्याऐवजी कान स्पष्ट येतो. डी७२०० च्या मेनूत प्रत्येक लेन्ससाठी उणे २० ते अधिक २० अशी फोकसची बारीक दुरुस्ती करता येते. एका दुपारी भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून मी ती बसवून घेतली. ही सोय डी५६०० मध्ये नाही. फक्त लेन्सवरची अ‍ॅपर्चर रिंग तिच्यावरच्या सर्वांत मोठ्या आकड्याला, ८५ वर एफ/१६ ला, लॉक करायला विसरू नका, नाहीतर कॅमेरा फोटो काढू देत नाही.

आता डी५६०० ची बाजू, आणि ती हलकी नाही. कॅमेरा मात्र हलका आहे : बॅटरी-कार्डासह ४६५ ग्रॅम, डी७२०० भरतो ७६५. पालखीबरोबर दिवे घाट चढताना हे ३०० ग्रॅम मानेला कळतात. वारीत हात उंच करून, स्क्रीन खाली वळवून दिंडीच्या डोक्यावरून काढलेले माझे सगळे चांगले फोटो डी५६०० चे आहेत. डी७२०० ची स्क्रीन वळतच नाही, तिथे अंदाजानं क्लिक करावं लागतं. नव्या एएफ-पी लेन्सही डी५६०० वरच शोभतात. फोकस करताना त्यांचा आवाज जवळजवळ येत नाही, आणि त्यातल्या डीएक्स लेन्समधलं व्हायब्रेशन रिडक्शन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) लेन्सवर त्याचं बटण नसलं तरी मेनूतून बंद करता येतं. डी७२०० वर त्या चालतात, पण मेनूत ती सोय नसल्यामुळे ट्रायपॉडवरही ते चालूच राहतं.

तेव्हा सगळं नव्यानं सुरू करणाऱ्याला, व्हिडिओ करणाऱ्याला, फार चालणाऱ्याला मी डी५६०० पासून अडवणार नाही. घरात एक जरी एएफ-डी लेन्स असेल तर मात्र मी डी७२०० च म्हणेन. पुढे मिररलेसवर जाऊ तेव्हा बघू, असंही म्हणू नका. या जुन्या लेन्स निकॉनच्या मिररलेस कॅमेऱ्याला जोडणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही ही मोटर नाही.

आता हे कॅमेरे बहुधा वापरलेलेच मिळतील. डी७२०० बघायला जाल तेव्हा घरची एएफ-डी लेन्स सोबत न्या. लेन्स काढून माउंटमध्ये बघा : पुढचा लीव्हर एएफवर (ऑटोफोकस) असताना पिन बाहेर दिसते, एमवर (हातानं फोकस) नेला की आत जाते. मग लेन्स लावून टेबलावरच्या पेनावरून रस्त्यापलीकडच्या पाटीवर आणि परत, असा दहा-बारा वेळा फोकस फिरवा. मध्येच अडकला किंवा मोटर नुसतीच फिरल्याचा आवाज आला तर तो कॅमेरा सोडा. बरेच विक्रेते कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स लावून कॅमेरा दाखवतात. त्या लेन्सला स्वतःची मोटर असते, त्यामुळे बॉडीतली चालते की नाही हे त्यातून कळत नाही.